बिनकानाचं लोखंड

न्या पेर्पेतुआला भीती वाटायची ती गोड आवाजाची.

मातीतला धातू शोधायच्या यंत्राची थाळी जमिनीवरून फिरवताना कानात डुकरासारखं गुरगुरलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. गुरगुर म्हणजे लोखंड. घोड्याची नाल, कुंपणाची तार, नांगराचा तुटका फाळ, नाहीतर खिळे. आमच्या पासो करांदा गावात मातीपेक्षा खिळेच जास्त आहेत. पण कानात घंटेसारखा गोल, स्वच्छ सूर वाजला की बाकीचे फावडं शोधायला धावायचे आणि न्या पेर्पेतुआच्या पोटात गोळा यायचा. हे नुसतं बोलायचं म्हणून म्हणत नाही मी. त्या गोळ्याचं पुढं येईलच.

दीडशे वर्षांपूर्वीच्या मोठ्या लढाईत बायका पोरांना घेऊन सैन्यामागं डोंगरात पळाल्या. पळताना घरातली चांदी पुरून गेल्या, आणि परत आल्या त्या फार थोड्या. ती चांदी अजून खाली आहे असं सगळा पराग्वे मानतो. आम्ही तिला प्लाता इवुगुई म्हणतो, मातीखालची चांदी. तिचे नियम शेंबडं पोरसुद्धा सांगेल. तिला राखणदार असतो. फावडं मातीत गेलं की तोंडातून शब्द काढायचा नाही. काढला, किंवा कुणी मनात हाव धरली, तर चांदीचा कोळसा होतो. हसू नका. इथं प्रत्येक घरात एक तरी काका असा आहे, ज्यानं आयुष्यभर खणून शेवटी कोळसा काढला.

लढाईनं चांदीबरोबर दुसरंही बरंच काही मातीत घातलं, हे मात्र कुणाला आठवत नाही. चांदीपुढं कुणाला काय आठवतं म्हणा.

लोखंड ओळखायची न्या पेर्पेतुआची रीत साधी होती. सूर लागला की थाळी त्यावरून आडवी फिरवायची, मग पाव फेरा घेऊन दुसऱ्या बाजूनं. खिळा लांबीतून गोड गातो, पण बाजूनं गेलं की त्याचा सूर फुटतो. चांदीवर कुठूनही या, ती तशीच वाजते. बाटल्यांची बुचं चांदीचं सोंग आणतात, पण थाळी गुडघ्यापर्यंत उचलली की त्यांचा आवाज मरतो. आणि सगळ्यात शेवटी ती थाळी हळूहळू लांब नेत त्या वस्तूच्या कडेवर आणायची. चांदी कडेला नुसती विझते. लोखंड मधोमध कितीही गोड गाऊ दे, कडेवर एकदा तरी गुरगुरतंच. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, त्यातली गत.

यंत्राला लोखंडाचा आवाज बंद करायची एक कळ होती. लोक मोठ्या बाईला लावायची ती न्या लावून म्हणायचे, "न्या पेर्पे, ती कळ दाब की. कशाला दिवसभर डुकरं ऐकतेस?" ती कळ तिनं कधीच दाबली नाही. "मी डुकरंच ऐकायला येते," म्हणायची.

लोखंडाच्या हंड्यातही लोकांनी चांदी पुरली होती, हे तिला मान्य होतं. आमच्या जुन्या हंड्यांना तीन पाय आणि दोन कान. अशा हंड्याच्या कडेकडेनं थाळी फिरवली की कानांपाशी गुरगुर जरा बाहेर येते, समोरासमोर दोन जागी. "हंड्याला कान असतात," ती म्हणायची. "त्याला कान नसतात." 'त्याला' म्हणजे कुणाला, हे विचारलं तर थाळी घेऊन पुढं चालायची.

ते बिनकानाचं तिनं पहिल्यांदा ऐकलं ते फार वर्षांपूर्वी. तेव्हा नवरा जिवंत होता. इसाबेलिनो ओवेलार म्हणजे गोरागोमटा, गोडबोल्या, आणि कष्टाचं नाव काढलं की कंबर धरणारा. एक बैल देऊन त्यानं हे यंत्र एका ब्राझीलवाल्याकडून घेतलं. कानाला लावून फिरायची पेर्पेतुआ, कारण ऐकायचा धीर तिच्यात होता. तो फावडं घेऊन मागं मागं. ओढ्याकाठच्या एका माणसाच्या रानात तिला तो सूर लागला. चहूबाजूंनी सारखा, गोल, गोड, थाळी कमरेपर्यंत उचलली तरी न मरणारा.

"काय गं?" इसाबेलिनोनं हळूच विचारलं.

"गोड आहे. पण कडेला गुरगुरतंय."

"लोखंड!" तो रानाच्या मालकाला ऐकू जाईल असं ओरडला. "सगळं लोखंडच आहे हो इथं!" आणि बायकोकडं बघून डोळा मारला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गाव झोपलेलं असताना, त्यानं जाऊन ते उकरलं. गंज आणि मातीची साल चढलेलं, कलिंगडाएवढं. आत चांदी ओतून तोंड बंद केलंय, अशी त्याची खात्री. पोत्यात घालून घरी आणलं, परसात आंब्याखाली ठेवलं आणि छिन्नी-हातोडा घेऊन बसला. पेर्पेतुआ विहिरीवर होती. दोर तिच्या हातात होता. आवाज झाला तेव्हा तिला आधी वाटलं, वीज पडली. तिनं वर बघितलं तर आभाळ स्वच्छ निळं होतं.

त्यांची लेक देलोसान्ता आतल्या खोलीत खाटेवर झोपली होती, ती वाचली. घराचं छप्पर उडालं. इसाबेलिनोबद्दल मी जास्त सांगत नाही. पेर्पेतुआनं परसातून काय काय वेचलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. तो लढाईतला तोफगोळा होता, आत दारू भरलेला. वर दीडशे पावसाळे गेले तरी आतली दारू कोरडी राहिली होती. इसाबेलिनोनं लोखंड म्हणून खोटं सांगितलं आणि ते खरं निघालं. बिचाऱ्याला ते कळायलाही वेळ मिळाला नाही.

आता गावाचं ऐका. गाव म्हणालं, राखणदारानं घेतला. "लोखंड म्हणाला आणि एकटाच जाऊन चांदी उकरून आणली की! राखणदार सोडतोय होय?" वर्षभरात उडालेल्या छपराच्या जागी नवे पत्रे आले. बुएनोस आयरेसला कामाला असलेल्या दिरानं ते पाठवले होते. गाव म्हणालं, बघा, चांदी घरातच आहे. तेव्हापासून ओवेलारांच्या घरचं माणूस लोखंड म्हणालं, की पासो करांद्यात त्याचा अर्थ एकच: इथं चांदी आहे, पण ती हिला एकटीला हवी आहे. पोरंटोरं तिला न्या लोखंड म्हणून चिडवायची.

एकदा ती चौकीवर जाऊन सांगून आली होती, की ओढ्याकाठी असले आणखी गोळे असतील, माणसं पाठवा. चौकीतल्या साहेबानं फार आस्थेनं विचारलं, नेमकं कुठं? दुसऱ्या दुपारी तो स्वतःच फावडं घेऊन तिथं गेला. नशिबानं त्याला सार्डिनचा डबा मिळाला. त्यानंतर ती कुणाकडं बोलायला गेली नाही.

यंत्र विकून टाक, असं लेक दर वर्षी म्हणायची. पण विकलं तर कुणीतरी घेणार, आणि घेणाऱ्याच्या कानाला गोड ते गोडच वाटणार. म्हणून पेर्पेतुआ लोकांच्या रानात जात राहिली. खिळा लागला तर खिळा म्हणायची, नाणं लागलं तर नाणं. आणि गोड, मोठं, बिनकानाचं काही लागलंच, तर चेहऱ्यावरची रेघही न हलवता पुढं चालत राहायची. ऐकणारी ती एकटीच होती, तोवर ते जमलं.

मग एका जानेवारीत, म्हणजे आमच्या भर उन्हाळ्यात, यंत्राचा आवाज कानात आणणारी तार शेळीनं खाल्ली.

त्याच आठवड्यात काराई अनास्तासियो फ्रेतेसचा निरोप आला. काराई म्हणजे गावातले मोठे, दोन खिल्लारांचे मालक, पोट पुढं आणि टोपी मागं. त्यांना म्हणे पडक्या गोठ्यापलीकडच्या ताडाखाली निळा उजेड दिसला होता, म्हणजे खाली चांदी असल्याची खूण. खणायला त्यांनी एहिदियोला सांगितलं होतं. एहिदियो म्हणजे पेर्पेतुआचा जावई, विहिरी खणणारा, खांद्यानं रुंद आणि मनानं सरळ. देलोसान्ता आणि तो सासूच्याच घरी मागच्या खोलीत राहत होते. स्वतःचं घर बांधायचं एवढं एकच वेड त्याच्या डोक्यात होतं, आणि काराईंनी अर्धा वाटा कबूल केला होता.

"तार तुटलीये," पेर्पेतुआ म्हणाली. "यंत्र चालायचं नाही."

"चालतंय की सासूबाई, मी सकाळीच लावून बघितलं," एहिदियो हसत म्हणाला. "उलट बरं झालं. आता आवाज सगळ्यांना ऐकू येतोय. कानातल्या कानात ठेवायला नको."

शेवटचं वाक्य त्यानं चेष्टेत म्हटलं, पण ते पुरतं चेष्टेचं नव्हतं. तिला ते टोचलं.

सासू, जावई आणि खाण्यापिण्याचं घेऊन देलो, असे तिघं गेले ते दुपारीच, कारण दुपारी गाव झोपतं. आमच्याकडं रात्रीपेक्षा दुपार वाईट. सोनेरी केसांचा बुटका यासी यातेरे शीळ घालत ऐन उन्हात फिरतो म्हणतात, आणि जागी असलेली पोरं उचलतो. त्या वेळी रस्त्यावर कुत्रंही नसतं. ताडाच्या बुंध्याशी उभं राहून पेर्पेतुआनं थाळी फिरवायला घेतली. किड्यांची किरकिर, ऊन, आणि यंत्राची मोकळ्यावर येणारी गुरगुर. एक खिळा. आणखी एक. नाल. तिला जरा बरं वाटायला लागलं.

आणि मग घंटा वाजली.

काराई गोठ्याच्या सावलीतून उठलेच. पेर्पेतुआनं थाळी झटकन उचलली, तरी सूर चालूच होता. पाव फेरा घेतला, सूर तसाच. कडेवर आली. एक गुरगुर, बारीक, फक्त तिच्याच कानाला कळणारी. कडेकडेनं ती पुरती फिरली, कानांच्या गाठी शोधत. मनात म्हणत होती, देवीमाते, कान दे याला, एकच कान दे. चहूकडं ते सारखंच गोल होतं.

"लोखंड," ती म्हणाली.

काराई खो खो हसले. "ऐकलंस एहिदियो? लोखंड! अस्सं गाणारं लोखंड आम्हालाही मिळो रे बाबा. न्या पेर्पे, तुझा नवराही असंच म्हणाला होता ना?"

"नवरा त्यानंच मेला, काराई. तोफगोळा आहे. शपथ घालते, तोफगोळा आहे तो."

"राखणदारानं मारलं त्याला. सगळ्या गावाला ठाऊक आहे. बाजूला हो."

तिनं जावयाचा दंड धरला. "एहिदियो, नको. घरी चल."

एहिदियोनं हात सोडवून घेतला, पण हळू. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाज होती, आणि तेच तिला जास्त लागलं. "आई," तो म्हणाला, "तुम्हाला एकटीला हवं असेल तर तसं सांगा. मी काही बोलणार नाही. पण हे लोखंड-लोखंड आता पुरे." आणि त्यानं फावडं मारलं.

फावडं मातीत गेलं म्हणजे बोलणं संपलं. काराईंनी ओठांवर बोट ठेवलं. तरीही ती बोलली. एकदा म्हणाली, "वर ये." मग म्हणाली, "देलोसाठी तरी वर ये." काराईंनी डोळे वटारून चाबकाच्या मुठीनं तिला दूर जायची खूण केली. ती दूर गेली नाही. प्रत्येक फावड्याबरोबर तिचा श्वास अडकायचा आणि माती बाहेर पडली की सुटायचा. एहिदियो सवयीप्रमाणं नेटका खणत होता, बाजूला पायऱ्याही कोरत होता. खड्डा गुडघ्याएवढा झाला, मग मांडीएवढा. कमरेपर्यंत गेला आणि खाली मुरमाचा कडक थर लागला. फावडं बोथट ठेचायला लागलं.

काराईंनी हातानंच खूण केली, थांब, पहार आणतो. आणि घराकडं निघाले.

पहार! टोकदार, मणभर वजनाची लोखंडी पहार, आणि ती उचलून घालणारा एहिदियो. दोन दणके पुरे होते.

तोवर पलीकडं रानातल्याच एका आंब्याखाली देलोसान्तानं कोसीदो, आमचा जळक्या साखरेचा चहा, केला होता. साखर आणि माते नावाच्या झाडाची वाळकी पानं एकत्र करून त्यावर निखारे टाकायचे, साखर जळून काळी झाली की पाणी ओतायचं आणि गाळून घ्यायचं. एहिदियो वर येऊन, घाम पुसत, पेला घेऊन सावलीत पडला. टोपी तोंडावर ओढून घेतली. नियम पाळायचा म्हणून देलोही गप्प होती. गाळणीत पानांचा चोथा आणि वरवर विझलेले काळे निखारे वाफाळत होते.

पेर्पेतुआ त्या निखाऱ्यांकडं बघत राहिली. मग तिनं गाळणी उचलली, आणि चोथा टाकून येते अशी खूण केली. लेकीनं मान हलवली आणि पाठ फिरवून उरलेला विस्तव विझवायला लागली.

नवऱ्याच्या मरणानंतर ती कधी कुठल्या खड्ड्यात उतरली नव्हती. लोकांच्या परसातल्या केरकचऱ्याच्या खड्ड्यालाही वळसा घालून जायची. आता तिनं एहिदियोनं कोरलेल्या पायरीवर पाऊल ठेवलं. खाली उतरली. कडेला अंग चोरून गुडघ्यांवर बसली, भिंतीला पाठ घासत, मधल्या जागेवर भार पडू नये म्हणून. फावड्यानं सुटा झालेला मुरूम बोटांनी उकरायला लागली. नखं मोडली. बोटं आत गेली, आणि टोकांना काहीतरी लागलं. भर उन्हाळ्यात ते गार होतं. खरबरीत आणि गोल. तिनं हात फिरवला नाही, नुसता ठेवला. कान नव्हते.

तिला ओरडायचं होतं, पण ओरडून काय होणार होतं? ती लोखंड म्हणून ओरडली, की लोकांना चांदीच ऐकू यायची. तिनं माती परत लोटली, थापली. त्यावर गाळणीतले कोळसे ओतले, पानं वेचून ओच्यात टाकली, आणि कोळसे तळहातानं मातीत दाबायला लागली. वरून काळे दिसत होते, आतून अजून पेटते होते. हात भाजत होता. ती दाबत राहिली, कारण झटका देऊन चालणार नव्हतं. वर पातळ माती भुरभुरली, चढून वर आली, आणि हात ओच्यात घालून आंब्याखाली जाऊन बसली. देलोनं विचारल्यासारखं बघितलं. तिनं ओच्यानंच तोंड पुसलं.

काराई पहार घेऊन आले. एहिदियो उठला, खड्ड्यात उतरला, पहार हातात घेतली. खड्ड्याच्या काठावर उभी राहून पेर्पेतुआ त्याच्या पायांकडं बघत होती. माती दिसत होती, काळं काहीच दिसत नव्हतं. आपण जास्त माती टाकली की काय! एहिदियोनं पहार दोन्ही हातांनी डोक्यावर नेली. तिनं डोळे मिटले नाहीत. मिटायचं भानच राहिलं नाही.

नीट उभं राहायला म्हणून त्यानं पाय सरकवला, आणि टाचेखाली काळं उघडं पडलं.

पहार खाली आली ती हळूच, टेकल्यासारखी, बाजूला. एहिदियो वाकला. मूठभर कोळसा उचलला, बोटांत चुरडला, नाकाशी नेला. पुन्हा एकदा नाकाशी नेला.

"काय आहे रे?" नियम विसरून काराई ओरडले.

"कोळसा," एहिदियो म्हणाला.

काराईंनी धाप टाकत वाकून एक तुकडा घेतला आणि चटका बसल्यासारखा टाकला. "गरम आहे! अरे, अजून गरम आहे! आत्ता, आत्ता पालटलंय! हातातोंडाशी आलेलं..." त्यांचे डोळे भीतीनं मोठे झाले. मग सावकाश त्यांनी पेर्पेतुआकडं बघितलं. "कोण बोललं? फावडं मातीत असताना तोंड कुणाचं चालू होतं?"

तिनं मान खाली घातली.

"हाव तुझी, आणि कोळसा आमच्या नशिबी! तोंड काळं कर तुझं. माझ्या रानात पुन्हा पाऊल टाकू नकोस."

"आई," देलोसान्ता रडत म्हणाली, "एक दुपार तुला गप्प बसवलं नाही? एक दुपार?"

राखणदार अजून जवळच असणार म्हणून काराईंनी खड्डा लगेच बुजवायला लावला. उघडा खड्डा माणूस मागतो. एहिदियोनं एक शब्द न बोलता माती लोटली. पेर्पेतुआ शेवटच्या फावड्यापर्यंत उभी होती. भाजलेला हात ओच्यात ठसठसत होता, आणि जीव मात्र इतका हलका झाला होता की तिला उभ्या उभ्या झोप येईल असं वाटत होतं.

त्याच आठवड्यात देलो आणि एहिदियो आपलं सामान घेऊन ओढ्यापलीकडं त्याच्या आईकडं राहायला गेले. देलो देवळात भेटली तरी दुसऱ्या बाकावर बसायची. चांदीचा कोळसा करणारी बाई म्हणून पेर्पेतुआला कुणी रानात बोलावेना. यंत्र खुंटीला लटकलं. हाताला फोड आले, फुटले, आणि तळव्यावर गुलाबी, चकाकणारा डाग राहिला. तेल सांडलं, असं ती सांगायची.

लोकांचं बोलणं तिनं पचवलं असतं. पण रोज दुपारी गाव झोपलं की ती पत्र्याखाली टक्क जागी पडायची आणि आवाजाची वाट बघायची. कोळशावर काराई गप्प बसतील, पण किती दिवस? उद्या त्यांचा पोरगा शहरातून येईल. परवा कुणी कुंपणाचा खांब रोवेल. एहिदियोच जाईल, एकटा. हे मनात आलं की ती उठून बसायची.

थंडी पडली तेव्हा एका दुपारी तिनं पोतं खांद्यावर टाकलं, लहान फावडं घेतलं आणि काराईंच्या रानात गेली. पाऊल टाकू नकोस म्हणाले होते, पण रान झोपलेलं होतं.

ती एकटीच आहे असं तिला वाटत होतं. पडक्या गोठ्यात मात्र एहिदियो बसला होता. पहिल्या दिवसापासून जमेल त्या दुपारी तो तिथं येऊन बसायचा. आपली सासू एक ना एक दिवस पोतं आणि फावडं घेऊन येणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आज ती आली. तो दात ओठ खात बघत राहिला. उकरू दे म्हणाला मनात, पुरतं उकरू दे, मग जातो.

पेर्पेतुआ ताडाशी आली. जिथं खड्डा होता तिथं गेलीच नाही. लांबून वळसा घातला, सापाला घालावा तसा, आणि चांगली चार हात बाजूला जाऊन बसली. वीतभर खळगा केला. पोत्यातून लाकडाचा क्रूस काढला, त्याच्या हातांवर पांढरं कापड गुंडाळलेलं, रस्त्याकडेला मेलेल्या माणसासाठी लावतात तसा. तो रोवला, माती हातानं दाबली. आमच्याकडं क्रूसाच्या आसपास कुणी खणत नाही, मग खाली सोन्याची खाण असली तरी.

एहिदियो गोठ्यातून बाहेर आला. ती दचकून एवढी मागं झाली की खाली बसली.

"इथं कोण मेलं?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही."

"मग क्रूस कुणाचा?"

मातीनं भरलेला उजवा हात तिनं मांडीवर उताणा टाकला होता. त्यावरचा डाग त्याला पहिल्यांदाच दिसला.

"त्या कोळशाला साखरेचा वास येत होता," एहिदियो म्हणाला. "मी कुणाला सांगितलं नाही. देलोलाही नाही. म्हटलं, तुम्ही एकट्या येऊन काढणार... मी वाट बघत होतो." तो चालत पुढं आला आणि बोलता बोलता बुजवलेल्या खड्ड्यावर उभा राहिला. "आई. खाली काय आहे?"

"लोखंड," ती म्हणाली.

एहिदियोनं खाली बघितलं. मग त्यानं एक पाय उचलला आणि तो मागं, आपल्याच ठशात, अगदी हलका ठेवला. मग दुसरा.